तुलना गटातलं घर

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. गोळी काढताना आधी तोच हातात येतो आणि लोक तो न वाचता टाकून देतात. त्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मराठी मजकूर असतो. तो लिहिणाऱ्या जमातीतली मी. नाशिकला घरी बसून गेली कित्येक वर्षं मी औषधांची पत्रकं, संमतीपत्रं आणि संशोधनाच्या प्रश्नावल्या मराठीत आणते. या धंद्यात वाचक नसतो, त्यामुळे टीकाकारही नसतो. म्हणून पुण्याच्या डॉ. सबनीसांचा फोन आला, की "तुमच्या मराठीत काहीतरी अडचण आहे," तेव्हा वाईट वाटण्याआधी मला आनंदच झाला. कुणीतरी वाचलं होतं.

सबनीस एका संशोधन प्रकल्पाचे प्रमुख. प्रकल्पाचा विषय असा: माणसाची जनुकं जन्मापासून तीच राहतात, पण आयुष्यात जे सोसावं लागतं त्याच्या रासायनिक खुणा त्यांच्यावर बसतात. कुठलं जनुक किती काम करणार, हे त्या खुणांनी बदलतं. अशा खुणांचा नैराश्याशी, इतर मानसिक आजारांशी आणि आत्महत्येच्या धोक्याशी काय संबंध आहे, ते तपासायचं. त्यासाठी दोन प्रकारची घरं हवी होती. ज्या घरात कुणी आत्महत्या केलेली आहे अशी, आणि ज्या घरात तसलं काही घडलेलं नाही अशी. दुसऱ्या प्रकाराला ते 'तुलना गट' म्हणत.

"नांदेड-लातूरकडे सगळीच घरं तुलना गटात चाललीत," सबनीस म्हणाले. "प्रश्न तेविसाला प्रत्येक जण 'नाही' म्हणतो. तुलना करायला घरं भरपूर आहेत, पण कशाशी करायची ते मिळेना. तुम्ही आठवडाभर जाऊन बघून या."

तेविसावा प्रश्न माझाच होता. 'आपल्या कुटुंबातील कोणत्याही सदस्याने आत्मघातकी वर्तन केलेले आहे काय?' त्यात मला एकही चूक दिसत नव्हती. प्रश्नावलीच्या मथळ्यावर 'एपिजेनेटिक'साठी मी 'अधिजनुकीय' असा शब्द योजला होता आणि तो सुचला त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं होतं. एवढं भांडवल बरोबर घेऊन मी नांदेडला निघाले.

नांदेड, सोमवार

प्रकल्पाचं कार्यालय म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट. एका खोलीत रक्ताच्या नळ्या ठेवायचा फ्रीज आणि दुसऱ्या खोलीत तो बंद पडला तर रडायला कारकून. मला घ्यायला वाघमारे सिस्टर आल्या होत्या. बिलोलीकडच्या. सरकारी आरोग्य केंद्रात तीस-पस्तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त होऊन प्रकल्पाच्या क्षेत्र समन्वयक. पांढरीशुभ्र साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला स्वतःची पाण्याची बाटली. कुठल्याही घरात गेल्या तरी पाणी त्या आपल्याच बाटलीतलं पीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "सवय हाय. पूर्वी लई घरांत मला पाणी इचारायचे नाहीत. आता इचारतात, पन बाटलीची सवय ऱ्हाऊन गेली."

सकाळी त्यांनी विचारलं, "ताई, सुशीला खाता का?"

सुशीला कोण, असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना हळद-मिरचीची फोडणी, वर दाण्याचा कूट. नाशिकला आम्ही मुरमुऱ्यांचा चिवडा करतो आणि ते मऊ पडले की दुःख करतो. इथे ते मुद्दाम मऊ करून त्यांना बाईचं नाव देतात. दोन बश्या खाल्ल्यावर मला इथली पद्धत पटली.

खाली जीप उभी होती. जीपच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स लावला होता. पिवळ्या रंगावर लाल अक्षरांत, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं: 'आत्महत्या व मानसिक विकार जोखीम संशोधन प्रकल्प'. खाली जरा बारीक: 'अधिजनुकीय'.

"ही जीप लोकांच्या दारात उभी राहते?" मी विचारलं.

"दारातच. रक्ताचा डबा जड असतो ना."

संमतीपत्रातलं माझंच एक वाक्य मला आठवलं. 'आपली ओळख पूर्णतः गोपनीय राखली जाईल.' फार नेटकं वाक्य होतं.

बिलोली, मंगळवार

बिलोली तालुका तेलंगणाला चिकटलेला. बाजारात भाव मराठीत सुरू होतो आणि घासाघीस तेलुगूत संपते. पहिल्या घरी एक सत्तरीच्या आजी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून माझा तेविसावा प्रश्न स्पष्ट उच्चारात वाचला. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग सिस्टरांना म्हणाल्या, "हे बाई कोन्त्या गावचं बोलून राहिली?"

"नाशिकचं."

"असं व्हय. मग न्हाई म्हनून लिव्हा."

"आजी, काय विचारलं ते कळलं का?" मी म्हणाले.

"कागदावर इचारलं की न्हाई म्हनावं. हाव म्हनलं की फेऱ्या वाढत्यात."

आयुष्यभर सरकारी कागदांशी व्यवहार केलेल्या माणसाचं हे उत्तर. मग सिस्टरांनी सुपातली मूठभर तूर पुढे ओढली आणि निवडायला लागल्या. बराच वेळ त्या पावसापाण्याचं बोलल्या. नंतर भिंतीकडे न बघताच म्हणाल्या, "फोटू कोनाचा, मावशी?"

"थोरल्याचा."

"कशानं गेला?"

आजींनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "मनानं गेला," त्या म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास आजी बोलत होत्या. तो लहान असताना बाप वारला, मग तो चुलत्याकडे राहिला. तिथं त्याला फार मार बसायचा. मोठा झाल्यावर वर्षभर झोपच नव्हती त्याला, घरातल्या घरात फिरायचा. देवऋषी केले, माहूरला नेलं, नवस बोलला. दवाखान्यात नेलं का, असं सिस्टरांनी विचारल्यावर आजी म्हणाल्या, "ताप नव्हता ना. ताप असता तर नेलं असतं."

सबनीसांच्या इंग्रजी मसुद्यातली दहा पानं या बाईने तूर निवडता निवडता सांगितली होती. बालपणीचा आघात, निद्रानाश, उपचारांचा अभाव, सगळं. माझ्या प्रश्नावर मात्र तिचं उत्तर 'नाही' असंच होतं.

जीपमध्ये बसल्यावर मी वही काढली आणि 'आत्मघातकी वर्तन' खोडून लिहिलं: 'घरातलं कुणी मनानं गेलं का?' सबनीसांना फोन करून वाचून दाखवलं. ते खूश झाले. म्हणाले, फारच छान. पण नैतिकता समितीने मंजूर केलेला मजकूर बदलायचा तर समितीची पुन्हा बैठक घ्यावी लागेल, आणि तोवर जुनाच प्रश्न वाचावा.

चाकूर, बुधवार

चाकूरला आम्ही शिवराजअप्पांकडे उतरलो. अप्पांचं किराणा दुकान, मागे घर. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलणं अगदी हळू. सिस्टरांची त्यांची जुनी ओळख. वर्षभरापूर्वी त्यांच्या घराने प्रकल्पाला रक्त दिलं होतं, कारण त्याबरोबर साखर आणि थायरॉइड फुकट तपासून मिळत होतं. कागदोपत्री त्यांचं घर तुलना गटात.

"शरणु शरणार्थी. बसा," ते म्हणाले, आणि आम्ही नीट बसायच्या आतच, "ताई, तुमच्या गाडीनं माझ्या पोरीचं लगीन मोडायची पाळी आणली बघा," असं म्हणाले.

झालं होतं ते असं. अप्पांची मुलगी गौरी, हिची उदगीरच्या एका कापड दुकानदाराच्या घरी बोलणी पक्की झाली होती. मुलगा महेश बँकेत. साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात कुणीतरी उदगीरला सांगितलं, की अप्पांच्या दुकानासमोर आत्महत्येची गाडी दोन तास उभी होती आणि सगळ्या घराचं रक्त नेलं. उदगीरच्या शेठचा निरोप आला. तुमचा रिपोर्ट दाखवा, मगच पुढचं बोलू.

"रिपोर्ट द्या आमचा," अप्पा म्हणाले.

मी समजावून सांगितलं, की असा एकेकट्याचा रिपोर्ट नसतो. शेकडो माणसांचं एकत्र बघून काही कल दिसतो का, एवढंच शोधतात. एका माणसाच्या रक्तावरून त्याचं पुढे काय होईल, हे आज जगात कुणीही सांगू शकत नाही.

"मग नेलं कशाला?" अप्पा म्हणाले. याचं उत्तर संमतीपत्रात चार परिच्छेदांत होतं. ते मला तोंडी देता आलं नाही.

मी सबनीसांना फोन लावला. ते म्हणाले, "सोपं आहे. ते घर तुलना गटात आहे, म्हणजे त्यांच्याकडे आत्महत्या झालेलीच नाही. तसं सांगा त्यांना."

"लेखी द्याल?"

"लेखी कसं देणार? माहिती गोपनीय आहे."

मी हे अप्पांना सांगत होते, तेव्हा सिस्टर जमिनीकडे बघत होत्या. आतून गौरी चहा घेऊन आली. पंचविशीची, सावळी, केसांत पेन खोचलेलं. गावातल्या औषधांच्या दुकानात ती फार्मासिस्ट. मी काय काम करते ते कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ते आतले कागद तुम्ही लिहिता? मी वाचते ते. गिऱ्हाईक नसलं की काय करायचं दुसरं."

मला भरून आलं. पत्रकांचा पहिला वाचक भेटला होता.

"पण 'कारवाई' नका लिहू," ती म्हणाली. "'औषधाची कारवाई मंदावते' असं लिहिता तुम्ही. पेशंट विचारतात, पोलिसात जावं लागतं का म्हणून."

संध्याकाळी दुकानाच्या मागच्या अंगणात ती सिस्टरांना आणि मला म्हणाली, "बाबा तुलना गट तुलना गट करून राहिलेत. मल्लूकाकाचं काय मग?"

अप्पांचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन बारा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा गौरी तेरा वर्षांची. त्यानेच तिला सायकल शिकवली होती. शेवटची दोन वर्षं तो दुकानात नुसता बसून राहायचा. गिऱ्हाईकाने साखर मागितली तरी उठायचा नाही. लोकांना कळू नये म्हणून अप्पा त्याला मागच्या खोलीत बसवायला लागले. गेला तेव्हा सगळ्यांना सांगितलं, हार्ट अटॅक. घरातही तेच म्हणायचं असं ठरलं, आणि बारा वर्षं सगळ्यांनी ते पाळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी नंतर सिस्टरांना विचारलं.

"गावाला ठाऊक हाय, ताई. फक्त कागदाला ठाऊक न्हाई."

लातूर, गुरुवार

दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, लातूरला चला. उदगीरच्या शेठनेच एका तपासणी केंद्राचं नाव सुचवलं होतं. तिथे म्हणे असलं काहीतरी लिहून मिळतं. सिस्टरांनी आणि मी त्यांना परोपरीने सांगितलं की असली तपासणी नसते. अप्पा म्हणाले, "नसली तर बरंच. मग त्यात वाईट निघायचं कारण न्हाई."

लातुरात शिकवण्यांच्या रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना गुणवंतांचे फोटो. मजल्यामागून मजले हसरी तोंडं, खाली गुण. निवडणुकीत उमेदवारांचेसुद्धा इतके मोठे फोटो लावत नाहीत. त्या गल्लीच्या टोकाला ते केंद्र होतं. दारावर पाटी होती आणि ती वाचून मी जागच्या जागी उभी राहिले.

'अधिजनुकीय वधू-वर तपासणी. विवाहपूर्व. खात्रीशीर.'

माझा शब्द. इतकी वर्षं मी शब्द घडवले, पण आपला एखादा शब्द स्वतःच्या पायांवर बाजारात उभा राहिलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मधुमेह आणि हिवताप यांच्या वर त्याला जागा दिलेली होती.

केंद्राचा मालक चाळिशीचा, अतिशय अगत्यशील. मी विचारलं, "हा शब्द कुठून घेतला?"

"एका सर्व्हेच्या कागदावर होता. भारी वाटला. अर्थ कळत न्हाई, म्हणून लोक मान देतात."

"ही तपासणी कोणत्या यंत्रावर करता?"

त्याने मोघमपणे साखरेच्या यंत्राकडे हात केला. मग अप्पांना विचारलं, "मुलीचं नाव? जन्मतारीख? रिपोर्ट निलच पाहिजे ना?"

"अशी तपासणी अस्तित्वात नाही," मी म्हणाले. "त्या संशोधनाचे कागद मी स्वतः मराठीत आणलेत. मेंदूतल्या खुणा रक्तात जशाच्या तशा दिसतात हेसुद्धा अजून कुणी छातीठोकपणे म्हणत नाही."

"म्याडम, तुमचं बरोबर हाय," तो जराही न रागावता म्हणाला. "पण तुम्ही लोक रक्त घेता आणि कागद देत न्हाई. आम्ही रक्त न घेता कागद देतो. लोकांना कागद पाहिजे असतो."

दहा मिनिटांत छापलेलं प्रमाणपत्र आलं. गोल शिक्का, मोराचं चित्र, आणि मजकूर: 'सदर व्यक्तीच्या रक्तात आत्महत्येचे अंश आढळून आले नाहीत.' अप्पांनी ते दोनदा वाचलं आणि डोळे मिटून छातीशी धरलं. माझा राग त्या क्षणी उतरला. बारा वर्षांत त्यांना कुणी 'तुमच्याकडे काही वाईट नाही' असं म्हटलं नव्हतं. म्हटलं ते या भामट्यानेच.

जेवायला निलंगा राइस घेतला. झणझणीत भात, वर शेव. डोळ्यांतून पाणी आलं की तिखटाने आलं असं म्हणता येतं, एवढी त्याची सोय. अप्पांनी बराच वेळ डोळे पुसले.

पुन्हा चाकूर, शुक्रवार

उदगीरची मंडळी दुपारी आली. शेठ, त्यांच्या पत्नी निर्मलाबाई आणि महेश. शेठ गोरे, भरदार, बोलताना समोरच्याच्या शर्टाचं कापड चिमटीत धरून बघायची सवय. अप्पांनी धपाटे-दही केलं होतं. धपाटा म्हणजे ज्वारी-बाजरीच्या पिठाची मसाला घातलेली भाकरी. आमच्याकडच्या थालीपिठाची ही सोशिक बहीण, चार दिवस टिकते. पण त्या दिवशी कुणाला जेवणात रस नव्हता.

अप्पांनी प्रमाणपत्र पुढे केलं. शेठने शिक्का तपासला आणि मान हलवली. "झालं तर मग. आमचं काही म्हणणं नव्हतं हो. पण घराणं बघायला लागतं."

"थांबा," गौरी म्हणाली. ती दारात उभी होती. पुढे येऊन तिने तो कागद उचलला. "यात लिहिलंय माझं रक्त तपासलं. काल मी दिवसभर दुकानात होते. माझं रक्त कुणी घेतलंच नाही."

अप्पा म्हणाले, "गौरे, आत जा."

"जाते, बाबा. एक सांगते आणि जाते." तिने कागद पुन्हा खाली ठेवला. "माझा मल्लूकाका अटॅकनं गेला नाही. तो आजारी होता, मनानं. दोन वर्षं आजारी होता. मी आता रोज त्या आजाराच्या गोळ्या विकते. तेव्हा कुणी त्याला एक दिली नाही, कारण दवाखान्यात नेलं तर माझं लगीन व्हायचं नाही म्हणून. माझ्यासाठी त्याला मागच्या खोलीत बसवला."

अप्पांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांच्याकडे बघवेना म्हणून सगळे धपाट्यांकडे बघत बसले.

शेठ म्हणाले, "म्हणजे रक्तात हायच की."

सिस्टरांनी मला कोपर मारलं. "सांगा की आता. तुम्हीच लिवलंय ना?"

मी आयुष्यात प्रथमच त्या विषयावर कागदाशिवाय बोलायला लागले. 'अधिजनुकीय' वापरायचा मोह आवरला. "शेठ, तुमचं कापडाचं दुकान. एकाच ताग्यातली दोन कापडं घ्या. एक मोकळं ठेवलं, एक घडी घालून वर्षानुवर्षं ओझ्याखाली ठेवलं. सूत तेच, वीण तीच, पण दुसऱ्यावर घडीची खूण पडते. माणसाला लहानपणी फार सोसावं लागलं, तर त्याच्या शरीरात अशा खुणा पडतात, असं दिसतंय. आजारी माणसांत त्या जास्त आढळतात, म्हणून अभ्यास चाललाय. पण खूण आहे म्हणून कापड फाटेलच असं नसतं. काही खुणा जातातही. गौरीचा काका आजारी होता, यावरून गौरीचं भविष्य सांगता येत नाही. एवढंच, की कुणाला त्रास व्हायला लागला तर लवकर दवाखाना गाठावा."

शेठने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण बाई, घडी पडलेलं कापड गिऱ्हाईक उचलत न्हाई."

"मग दुकान कसं चालतं तुमचं?" सिस्टर म्हणाल्या. "फळीवर सगळं घडीचंच असतंय की."

महेश हसला आणि बापाने बघितल्यावर गप्प झाला. शेठ माझ्याकडे वळले. "तुम्ही एवढं सांगून राहिलात. तुमच्या घरात हाय का असलं कोणी?"

प्रश्न तेविसावाच, चांगल्या मराठीत. ही प्रश्नावली छापायच्या आधी चाचणी म्हणून मी स्वतः भरून दिली होती. तेविसाव्या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं होतं, अगदी सहज, पेन न अडखळता. माझ्या मामाला आम्ही घरात 'तो अपघात' म्हणतो.

"हो," मी म्हणाले. "माझा मामा."

शेठ उठले. लग्नाबद्दल नंतर कळवतो म्हणाले, आणि ते 'नंतर' कधी येत नसतं हे सगळ्यांना समजलं. महेश चपला शोधायला फार वेळ लावत होता.

तेवढ्यात निर्मलाबाई, ज्या आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या, हात धुवायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेल्या. सिस्टर त्यांच्या मागे तांब्या घेऊन गेल्या. मी दारातच होते.

"सिस्टर," निर्मलाबाई हळू म्हणाल्या, "बाळंतपण होऊन चार महिने झाले तरी पोरगी झोपत न्हाई. लेकराला घेत न्हाई. मी नसलेलीच बरी, म्हणते. ह्याला दवाखाना असतो का?"

"कोन पोरगी?"

"माझी पूजा. माहेरी आणलीय. लोकांना सांगितलंय, अशक्तपणा हाय."

सिस्टरांनी तांब्या खाली ठेवला. "असतो. उद्या सकाळीच लातूरला घेऊन या. तोवर एक मिनिटबी एकटी ठेवू नका. आज तिच्यापाशीच निजा." मग जरा थांबून म्हणाल्या, "मालकांना काय सांगनार?"

"खरं सांगते," निर्मलाबाई म्हणाल्या. "अशक्तपणा तर सांगून झालाय."

लातूर, शनिवार

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर आम्ही नऊ वाजता पोचलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा गर्दी मोठी होती. तुलना गटातली इतकी माणसं एका जागी मी पहिल्यांदाच बघत होते. कुणी ओळखीचं दिसलं की रुमालाने तोंड पुसायचं, अशी इथली पद्धत. मी दोघांना विचारलं, तर दोघेही शेजाऱ्याला सोबत आले होते.

गौरी आमच्याआधी येऊन थांबली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं; अंगणातलं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं. "लेकराला कोण धरणार?" एवढंच ती म्हणाली.

उदगीरची गाडी आली. महेश चालवत होता. शेठ आले नव्हते. पूजा बावीस-तेवीस वर्षांची असेल. नजर कुठेच नव्हती. गौरीने तिच्या मांडीवरून बाळ उचललं, तरी तिला ते कळलं नाही.

केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाने मोठ्याने विचारलं, "आजार काय?" रांग ऐकायला लागली. निर्मलाबाईंनी पदर सारखा केला. त्या खिडकीत जरा वाकल्या आणि त्याच्याइतक्याच मोठ्याने म्हणाल्या, "मनाचा." रांगेतल्या एका म्हाताऱ्याने रुमाल खिशात घातला.

आतल्या डॉक्टर तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. पूजाला त्यांनी सरळ विचारलं, मरून जावं असं मनात येतं का. असं विचारलं तर नसलेलं मनात येईल, अशी माझी समजूत होती. पूजाने मान हलवली, हो म्हणून, आणि मग रडायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, "सांगितलंस ते चांगलं केलंस. हा बाळंतपणानंतरचा आजार आहे. बरा होतो." मग निर्मलाबाईंना विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"माझ्या आईला," निर्मलाबाई म्हणाल्या. "माझ्या वेळी. मला चुलतीनं दूध पाजलं म्हणतात. आई बरी झाली की न्हाई ते मला धड ठाऊक न्हाई, कुणी बोलायचंच न्हाई." त्यांच्या शेजारी महेश उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की हे तो पहिल्यांदाच ऐकतोय.

पूजाला आठवडाभर तिथेच ठेवून घेतलं. दुपारी बाहेरच्या झाडाखाली महेश गौरीपाशी आला. शेठचा विरोध मी बघतो, असं काहीतरी तो म्हणत होता. आपलं लग्न मोडलेलं नाही, असंही म्हणाला. गौरीने बाळ त्याच्या हातात दिलं.

"आधी पूजाताईला बरं करा," ती म्हणाली. "मग मी बघते तुमचं घराणं."

नाशिक

परत आल्याला आता चार महिने झाले. समितीची बैठक अजून व्हायची आहे. तोवर सिस्टर जुनाच प्रश्न कागदावरून वाचतात आणि मग कागद बाजूला ठेवून खरं काय ते विचारतात. जीपवरचा फ्लेक्स सबनीसांनी काढायला लावला. आता तिच्यावर 'आरोग्य' एवढंच आहे. अप्पांनी स्वतः फोन करून आपलं घर तुलना गटातून काढायला सांगितलं. त्यांच्या दुकानात आता मल्लिकार्जुनचा फोटो लागलाय, असं सिस्टर म्हणाल्या.

परवा त्यांचा लांबलचक फोन आला. पूजा औषधं घेते, झोपते, बाळाला न्हाऊ घालते. कधी कधी चिडते, तेही घरच्यांना आवडतं. आणि गेल्या रविवारी उदगीरची मंडळी पुन्हा चाकूरला गेली होती, शेठसकट. या खेपेला गौरीनेच बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला. शेठ सतरंजीची वीण बघत बसले. गौरी महेशसमोर बसली आणि सगळ्यांच्या देखत तिने एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला चार रात्री झोप लागली नाही, काही सुचेना झालं, तर घरात कुणाला सांगता?"

महेशने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"आजवर कुणालाच सांगितलं नाही," तो म्हणाला.

"खरं बोललात," गौरी म्हणाली, आणि अप्पांना साखर वाटायला सांगितली.